डीफ्रॉस्टचा रविवार

आमचा फ्रीज सिंगल डोअर, म्हणजे वर प्लास्टिकच्या छोट्या दारामागे फ्रीजर आणि त्यात पेरल्याशिवाय उगवणारा बर्फ. पावसाळ्यात डोंबिवलीची हवा इतकी चिकट असते की जितक्यांदा दार उघडाल तितक्यांदा थोडी दमट हवा आत शिरते, गार पत्र्याला लागते आणि तिचाच बर्फ होऊन बसतो. जुलै संपेपर्यंत फ्रीजर एवढा अरुंद होतो की मटारची पिशवी कशीबशी आडवी कोंबायची, मग ती चिकटते, मग ती ओढायची, ओढली की फाटते, आणि पुढचे आठ दिवस ओट्याखाली मटार सापडत राहतात.

बर्फ गारच असतो, तर तो साठला की फ्रीजर अजून गार राहत असेल असं मला कित्येक वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात तो थर म्हणजे पत्र्याला पांघरलेली गोधडी. आतली उष्णता पत्र्यापर्यंत पोचत नाही, कॉम्प्रेसर बिचारा घुरघुरत राहतो आणि बिल वाढतं. थर अर्धा सेंटिमीटर झाला की काढावा हे मला माहीत आहे. काढते मात्र तो तीन बोटं झाल्यावर.

ह्या आळसामागे एक कारण आहे. नववीत असताना आई बाहेर गेली होती आणि मला बर्फगोळा खायचा होता, पण बर्फाचा ट्रे थरात रुतलेला. मी सुरी घेतली. दोन-तीन घाव मस्त बसले, चौथ्याला नुसतं "फुस्स" असा आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा, पण बराच वेळ. मी त्या भोकावर बोट दाबून उभी राहिले, जणू गॅस परत आत जाणार होता. मेकॅनिक काका आले, टॉर्च मारला आणि म्हणाले, हा नुसता पत्रा नाही बाळ, ॲल्युमिनियमचे दोन पत्रे चिकटवून मधे गॅसच्या वाटा काढलेल्या असतात. (आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये तर आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेटणारा, त्यामुळे तो उद्योग अजूनच नको.) बाबा बिल बघेपर्यंत शांत होते.

तर आता आमच्याकडे ह्या कामाचा एक रविवार असतो. थर जाड असला की नुसतं डीफ्रॉस्टचं बटण दाबून भागत नाही, सरळ प्लग काढायचा. गोठलेल्या डब्यांची मोट बांधून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि मोठ्या पातेल्यात एकमेकांना खेटून ठेवायची, खेटून ठेवली की तासदोन तास आरामात तग धरतात. मटार शेजारच्या काकूंकडे जातात, सुरमई तिसऱ्या मजल्यावर, कारण काकू शाकाहारी. मग फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं, दार उघडं, समोर टेबल फॅन, खाली जुने टॉवेल. वीसेक मिनिटांनी छताची कडा सुटते आणि अख्खी लादी धप्पकन पडते. मला हा आवाज फार आवडतो.

लादीमागून जे निघतं त्यावर मात्र घरात वाद. ह्या वेळी ओल्या खोबऱ्याचे दोन डबे, वर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात "बुधवार". कुठला बुधवार? एक मेमधला आमरस निघाला, तो दुपारी चपातीबरोबर संपलाही.

आतून सोड्याच्या पाण्याने पुसलं की दाराचं रबर. त्याच्या घड्यांत काळी बुरशी बसते, ती जुन्या टूथब्रशने काढायची, आणि दारात दहाची नोट अडकवून ओढून बघायची. सहज निघाली तर रबर सैल, म्हणजे दमट हवेला चोवीस तास दार उघडंच. आमची नोट खालच्या कोपऱ्यात लोण्यातून निघावी तशी निघाली. रबर बदलायला हवं, बघू.

तेवढ्यात आईचा फोन. पंचवीस वर्षं झाली तरी तिचा पहिला प्रश्न तोच, "सुरी लांब ठेवल्येस ना गं?" मी हो म्हणत वळले तर नवरा फ्रीजरमध्ये डोकं घालून कोपऱ्यातला उरलेला बर्फ उलथन्याने ढोसत होता.

"लाकडी आहे," तो म्हणाला.