फरशीखालचा कोबा

गेल्या वर्षी जानेवारीत, पहाटे तीनच्या सुमारास, माजघरात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मी अंथरुणात उठून बसेपर्यंत आई अंगणात पोचली होती. तिचं माहेर पाटणकडचं. ११ डिसेंबर १९६७ची कोयनेची पहाट तिनं लहानपणी पाहिलेली, त्यामुळे रात्री घरात काही दणकलं की तिचे पाय आधी दाराकडे वळतात, डोळे मागाहून उघडतात. भूकंप नव्हता. दिवा लावला तर माजघराच्या मधोमध फरशीच्या दोन ओळी एकमेकींना रेटत तंबूसारख्या उभ्या राहिलेल्या.

ही फरशी १९९६ची, ताईच्या लग्नाच्या वेळची. फुटाफुटाच्या सिरॅमिक टाइल्स, बदामी रंगावर तपकिरी शिरा, आणि दोन टाइल्समध्ये नखाएवढीही फट नाही. तेव्हा फट न दिसणं हीच गवंड्याची कारागिरी समजत. पण भाजलेली माती वर्षानुवर्षं हवेतली ओल पिऊन केसभर फुगत राहते, खालचा सिमेंटचा थर मात्र आक्रसतो. भिंतीपाशी हलायला जागा नाही, खालची पकड सुटलेली. मग एखाद्या थंडीच्या रात्री ती उसळते. मी नाणं घेऊन खोलीभर टकटक करत फिरलो. देवघराच्या बाजूला आवाज भरीव, मागच्या दाराकडे पोकळ. आईला म्हटलं, निम्मी खोली ढोल झालीय.

मिस्त्री आले, बघितलं, म्हणाले, "दादा, उसळलेल्या तेवढ्या काढू आणि सगळ्यावर नवीन चिकटवू. दोन दिवसांत मोकळे." सल्ला चुकीचा होता असं नाही, पण पोकळ आवाजावर नवी फरशी चिकटवायची हे मला पटेना. शिवाय खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. भूकंपात जुन्या घराच्या भिंती तडकल्यावर आजोबांनी १९७१ साली हे घर बांधलं, तेव्हा जमिनीला कोबा केला होता. खडी-सिमेंट धुमसानं ठोकून वर सिमेंटची घोटाई. उन्हाळ्यात दुपारी आम्ही त्यावर उघड्या अंगानं लोळायचो. तो परत काढायचा, असं मी ठरवलं. मी बँकेत नोकरी करतो आणि माझ्या हातात आजवर आलेलं सर्वांत जड हत्यार म्हणजे स्टेपलर, हे आईनं लगेच सांगून टाकलं.

न्यू जर्सीहून दाजींचा फोन आला, "अरे, हात लावू नकोस, आधी तपासून घे!" त्यांची काळजी त्यांच्या घरापुरती खरी होती. तिकडे १९५० ते ८०च्या काळातल्या घरांत नऊ इंची लवचीक टाइल्स असतात. त्यांत, आणि त्यांच्याखालच्या काळ्या डिंकात, अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक खनिज तंतू, सापडतं. आपल्या सिरॅमिक टाइल्समध्ये ते नसतं. आपल्याकडे धोका धुळीचा. सिमेंट-वाळू फोडली की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. म्हणून एन-९५ मास्क, गॉगल, जाड हातमोजे आणले. हातमोज्यांचं महत्त्व पहिल्या तासातच कळलं. फुटलेल्या टाइलची कड वस्तऱ्यासारखी असते.

सुरुवात जिथं फरशी आपणहून उठली होती तिथूनच केली. एक उघडी कड मिळाली की पुढचं सोपं. छन्नी आडवी सरकवून हातोड्याचे दोन ठोके, की टाइल खालच्या थरासकट सुटायची. पहिल्या दिवशी चाळीसेक निघाल्या आणि मला वाटलं, आपण उगाच बँकेत गेलो. दुसऱ्या दिवशी देवघराच्या बाजूला पोचलो. तिथं तासाभरात दोन. टाइल तुकड्यातुकड्यानं निघायची आणि खालचा दीड इंचाचा थर जागचा हलायचा नाही.

मग दिवसाला सातशे रुपये भाड्यानं ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन, आणला. इथं मी जी चूक केली ती सांगतोच. मशीन उभं धरलं. उभं धरलं की वजन आपलं आपण पडतं, हाताला बरं वाटतं. पण टोक थर फोडून सरळ कोब्यात घुसतं. पुरीएवढे तीन खड्डे पाडल्यावर मिस्त्रींनी माझ्या हातून मशीन काढून घेतलं, टोकदार छन्नी बदलून चपटी लावली आणि मशीन जवळजवळ जमिनीलगत आडवं धरून दाखवलं. "भाकरी उलथल्यागत घ्यायचं," म्हणाले. कंबर मोडते, पण कोबा वाचतो.

पाणी मारायची आठवणही उशिराच झाली. पहिले दोन दिवस कोरडंच फोडलं. दारांना ओल्या चादरी लावल्या होत्या, तरी धूळ पोह्यांच्या डब्यात गेली आणि बायकोनं आठवडाभर त्याचा उल्लेख प्रत्येक जेवणात केला. पुढे शिंपडून फोडायला लागलो. फार पाणी झालं तर त्याचा चिखल होऊन कोब्यावर पुन्हा लिंपला जातो, म्हणून सडा घालावा इतकंच.

राडारोड्याचा हिशोब मात्र कुणीच आधी सांगत नाही. दहा बाय बाराची खोली, म्हणजे एकशेवीस टाइल्स. टाइल दीड किलोची धरली तर एकशेऐंशी किलो. पण तिच्याखालचा दीड इंच थर म्हणजे पंधरा घनफूट, तो एकटाच आठशे किलोंच्या पुढे. एका माजघरातून टनभर माल निघाला! सिमेंटच्या चाळीस रिकाम्या गोण्या भरल्या, त्याही निम्म्याच, कारण भरलेली गोणी उचलणारा माणूस आमच्या घरात नाही. घंटागाडीवाला हे घेत नाही, आणि नियमांप्रमाणे राडारोडा रस्त्याकडेला किंवा ओढ्यात टाकताही येत नाही. गल्लीतच एकाच्या घराचं जोतं भरायचं चालू होतं. त्यांनी भर म्हणून सगळ्या गोण्या आनंदानं नेल्या. जोडीला आमच्या बागेतलं फावडंही गेलं.

आता जमिनीकडे येतो. थर निघाल्यावर खोलीचे दोन तुकडे दिसले, जणू मधे कुणी रेघ मारलीय. देवघराच्या बाजूला कोब्यावर दोनदोन इंचांवर टोचे मारलेले, पाट्याला टाकी लावतात तसे. सिमेंटला पकड मिळावी म्हणून तसंच करायचं असतं. मागच्या दाराच्या बाजूला मात्र एकही घाव नाही. कोबा साधा धुतलासुद्धा नव्हता. जुनी धूळ तशीच, तिच्यावर माल टाकून फरशी बसवून गवंडी मोकळा. पकड नव्हती म्हणून तिथून फरशी उसळली, आणि घाव नव्हते म्हणूनच तिथला कोबा १९९६ला होता तसाच्या तसा निघाला. चिकाटीनं काम केलेली निम्मी खोली चाळणी, कामचुकारपणा झालेली निम्मी आरशासारखी. मिस्त्री बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. "आमच्यातल्याच माणसानं आळस केलाय," म्हणाले, "पर तुमचं भलं झालं." माझा अंदाज असा, की वडील सकाळी देवघरापाशी चहा घेत बसायचे, तोवर टाकी चालली असणार. ते पत्रिका वाटायला बाहेर पडले आणि टाकीही थांबली.

त्या चांगल्या निम्म्यात आजोबांच्या वेळचे चौकोन दिसले. कोबा ओला असताना ताणलेली दोरी सोडून ते उमटवत. जवळून पाहिलं तर रेघेत दोरीचा पीळसुद्धा उमटलेला. दोन चौकोन चांगलेच वाकडे आहेत. तिथंच, मागच्या दाराजवळ, कोब्याच्या पातळीला बसवलेलं उखळ निघालं. विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी केलेली. "तिथंच असणार, जाईल कुठं?" आई म्हणाली. मला मात्र ते तिथं आहे हे तिनं ब्रेकर आणायच्या आधी सांगितलं नव्हतं.

सिमेंटचे चिकटलेले टवके काढणं हे खरं कंटाळवाणं काम. हार्डवेअरवाल्यानं अ‍ॅसिडची बाटली दिली, "ओता नि घासा." कोपऱ्यात वीतभर जागेवर करून पाहिलं. फेस छान आला. पण अ‍ॅसिडला वरचं सिमेंट आणि खालचं सिमेंट यांतला फरक कळत नाही. ती वीतभर जागा आज काचकागदासारखी खरखरीत आहे. बाटली परत केली. मग ग्राइंडरला डायमंडचं कप व्हील लावून, हात हलका ठेवून, फक्त टवक्यांवरून फिरवलं. कोब्याची घोटाई जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. ती गेली की खालची खडी डोळे वटारते. दोन ठिकाणी माझ्याकडून गेलीच. शेवटी मोझॅकचं पॉलिश करणारे मशीन घेऊन आले. सवयीनं त्यांनी जाड दगड लावला, तो उतरवायला लावून मी बारीक नंबरपासून सुरू करायला सांगितलं. "चमक येणार नाही," असं त्यांनी तीनदा बजावलं. नकोच होती.

एक गोष्ट मी घाई न करता केली, याचं मला अजून नवल वाटतं. वर काही लावण्याआधी दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दिवसभर ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर आतून दव. बैठं घर, खाली ओल अडवणारा थर नाही, कृष्णा पाच मिनिटांवर. अशा जमिनीवर इपॉक्सीचा, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट, थर मारला असता तर पहिल्याच पावसाळ्यात फोड आले असते. म्हणून वर पापुद्रा न करता आत मुरणारं सिलिकेटचं द्रावण दोन हात दिलं. ते घोटाई घट्ट करतं, धूळ धरतं, आणि ओलीला वर यायला वाट राहते.

टाकीचे घाव बारीक वाळू-सिमेंटनं भरले. रंग जुळला नाही. देवघराच्या बाजूची जमीन आता चित्त्यासारखी ठिपक्यांची दिसते. आईनं तिथं सतरंजी टाकली आणि चांगल्या बाजूला स्वतःची खाट हलवली. स्वयंपाकघराची फरशी आम्ही तशीच ठेवली, त्यामुळे आता तिकडे जाताना दोन इंचांची पायरी लागते. पहिल्या महिन्यात आम्ही सगळेच तिथं एकेकदा अडखळलो. कडेला पिवळी पट्टी चिकटवलीय.

जमीन खाली गेली, पण दारं गेली नाहीत. १९९६ला फरशीसाठी ती खालून कापली होती. आता माजघराच्या मागच्या दाराखाली दोन इंचांची फट आहे. मांजर डोकं घालतं, अडकतं, मागे जातं. सुताराला तीनदा निरोप दिलाय. तोवर रात्री तिथं जुनं धोतर गुंडाळून लावतो.