सूत ते मिलिमीटर : आमची वाटचाल

आमचा कारखाना मुळात दारं-खिडक्यांचा. कोल्हापूर भागात आबांच्या हातच्या चौकटी आणि देव्हारे अजून बऱ्याच घरांत सापडतील. बांधकामात लोखंडी चौकटी आल्या, पाठोपाठ अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या आणि सागवानाचं काम निम्म्यावर आलं. त्याच सुमारास माझी बायको बालवाडीत शिकवत होती. तिथलं रंग उडालेलं लाकडी साहित्य ती दुरुस्तीला घरी घेऊन यायची. आज आमच्याकडे चौकटी होत नाहीत, फक्त बालशिक्षणाचं साहित्य होतं.

आबांचं माप इंच-सुताचं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चौकटीत अर्धं सूत इकडेतिकडे झालं तर पाचर मारून भागतं. माँटेसरी बालवाडीतल्या गुलाबी मनोऱ्यात, म्हणजे एकावर एक रचायच्या लाकडी घनांत, भागत नाही. एकूण दहा घन, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, आणि दर घनात बरोबर एका सेंटिमीटरची वाढ. लहान घन अर्ध्या सुताने कमी पडला तर त्याच्या मापाचा सहावा हिस्सा गेला! काचपेपर मारताना किती लाकूड जाणार, प्रायमर आणि रंगाचा थर किती चढणार, हे आधीच धरून कापावं लागतं. मिलिमीटरचाही अंश मोजणारा व्हर्नियर पहिल्यांदा टेबलावर ठेवला तेव्हा आबा म्हणाले, ‘‘पोरांच्या खेळण्याला सोनाराचं माप कशाला?’’

कशाला, ते माँटेसरी वाचल्यावर कळलं. मारिया माँटेसरी पेशाने डॉक्टर. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. साहित्यामागचा बराचसा विचार इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचा. बौद्धिक वाढीत मागे राहिलेल्या मुलांसाठी त्या दोघांनी जे केलं होतं, ते माँटेसरींनी सगळ्याच मुलांसाठी वाढवलं. चूक दाखवायचं काम त्यांनी बाईंच्या हातून काढून वस्तूकडे दिलं. दट्ट्यांच्या ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांची दहा भोकं आणि त्यांत नेमके बसणारे दहा गोल लाकडी दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक हातात उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मूल स्वतःच सगळे काढून पुन्हा लावायला घेतं. पण भोकं सैल असली तर कुठलाही दट्ट्या कुठेही जातो, चूक दिसत नाही, आणि मग बाईंना ‘असं नाही, तसं’ म्हणत बसावं लागतं. म्हणजे सुताराने माप सोडलं की माँटेसरींची पद्धतच संपली.

मनोऱ्याचं गणित तर मला अजूनही भारी वाटतं. लाल दांड्यांमध्ये फक्त लांबी बदलते, दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत, म्हणजे दहापट. तपकिरी जिन्यात लांबी वीस सेंटिमीटर कायम, रुंदी आणि जाडी बदलते, म्हणून थोरला तुकडा धाकट्याच्या शंभरपट. मनोऱ्यात तिन्ही बाजू बदलतात आणि थोरला घन धाकट्याच्या हजारपट होतो. मूल आकडे मोजत नाही, पण दहावा घन दोन्ही हातांनी उचलताना ते हजारपट वजन त्याच्या हाताला समजतं. म्हणून आम्ही भरीव लाकूड वापरतो. प्लायवूडची पोकळ पेटी करून वर रंग मारला की फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, किंमत मात्र खूप कमी होते. एवढा मोठा घन एकाच लाकडात काढला तर वाळताना चिरतो, त्यामुळे पट्ट्या चिकटवून जोड तयार करावा लागतो. त्यात वेळ जातो.

एका मोठ्या संस्थेची ऑर्डर आली होती. त्यांना मनोऱ्याचे दहाही घन दहा रंगांत हवे होते, मुलं कंटाळतील म्हणून. बायकोने फोनवर समजावलं की रंग वेगळे केले तर मूल रंगाकडे बघतं, आकाराकडे नाही. सगळे घन एकाच रंगाचे ठेवण्यामागे हेच कारण आहे. पटलं नाही त्यांना. ऑर्डर गेली. धंद्याच्या हिशोबाने ते वर्ष वाईटच गेलं.

फ्रोबेलच्या वस्तूही आम्ही करतो, थोड्या. हा जर्मन माणूस मला जवळचा वाटतो. पोरवयात वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केलेली, पुढे बर्लिनला स्फटिकांचा अभ्यास केलेला. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांच्या खेळसाहित्याचं काम सुरू केलं, म्हणजे एका अर्थी आमच्याच लाइनमधला! ‘किंडरगार्टन’ हे नाव त्याने १८४० मध्ये दिलं. त्याचा गोल, दंडगोल आणि घन दोरीला टांगून फिरवला की घन फिरताना दंडगोलासारखा दिसतो. मोठी माणसंसुद्धा दोनदा फिरवून बघतात. प्रशियाच्या सरकारला मात्र त्याच्या बालवाड्यांचा धसका. १८५१ मध्ये बंदी घातली, ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल १८५२ मध्येच गेला.

साहित्य विकणाऱ्याला अडचणीत टाकतात त्या ताराबाई मोडक. राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. वकिली सोडलेल्या गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरींची शिस्त दोघांनाही मान्य होती. पण १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केल्यावर ताराबाईंच्या समोर आली ती धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली, गुरांमागे जाणारी मुलं. ती बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताई वाघ सोबत होत्याच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि पुढे अनुताईंनी ते आयुष्यभर चालवलं. तिथे साहित्य म्हणजे बिया, खडे, पानं, शिंपले, जे आजूबाजूला असेल ते.

मग आमच्या मनोऱ्याचं काय? हा प्रश्न धंद्यात पडतोच. एका गावचे सरपंच अंगणवाडीसाठी भलीमोठी यादी घेऊन आले होते. बायकोने त्यातली निम्मी खोडली. ‘‘मोजायला चिंचोके घ्या दादा, वर्गीकरणाला बिया-पानं चालतील. आमच्याकडून दट्ट्यांचे ठोकळे न्या, ते घरी होत नाहीत. उरलेल्या पैशात मुलांचा हात पोचेल असं बुटकं कपाट करा.’’ मी बाजूला बसून गप्प. माझं मत असं, की आकाराची, मापाची चूक जिथे वस्तूनेच दाखवायची आहे तिथे कारखान्याला पर्याय नाही. बाकी पुष्कळ गोष्टी अंगणात पडलेल्या असतात, त्यांचे पैसे घेणं बरं नाही. त्या सरपंचांनी नंतर शेजारच्या दोन गावांची कामं आणून दिली, हेही खरं.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. रंगातलं शिसं, टोकदार कडा, गिळता येतील असे तुकडे, सगळ्यांची तपासणी. बालवाड्या बंद असलेल्या दिवसांत हा खर्च जड गेला, पण रंग बदलणं भागच होतं. एक सेंटिमीटरचा घन तोंडात सहज जातो, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांना आम्ही मनोरा देत नाही.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा वयोगट एक टप्पा धरल्यापासून चौकशा वाढल्या आहेत. आबांचा भाचा आता खराद सांभाळतो, बायको ऑर्डर घेण्याआधी फोनवर अर्धा तास बाईंशी बोलते. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, गोल भोक किंचित लंबगोल होतं आणि दट्टे अडकतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर दट्ट्यांच्या ठोकळ्यांची ऑर्डर घेत नाही. शाळा जूनला उघडत असल्याने सगळ्यांना ते मेमध्येच हवे असतात, म्हणून ही ऑर्डर जानेवारीपर्यंत कळवावी.