व्यायामानंतर पुसट होणाऱ्या रेषा

रत्नागिरी, ऑक्टोबर. सोमवार, रात्री.

वजने उचलून घरी परतल्यावर दंड अधिक रेखीव दिसावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अनेकांना नेमके उलटे दिसते. सकाळी खांदा आणि दंड यांच्यामध्ये जी खाच स्पष्ट असते, ती संध्याकाळच्या व्यायामानंतर तासा-दोन तासांत बुजते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात मोठा पण गुळगुळीत वाटू लागतो. आज व्यायामशाळेत एका तरुणाने हीच तक्रार केली. "सर, एवढी मेहनत केल्यावर कट्स जातात कुठे?" असे त्याने विचारले. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, हे तिथे सर्वांना ठाऊक असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे आपसूक येतात. दोन सेटच्या मधल्या वेळात उरकेल असे याचे उत्तर नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडून पाहतो.

चरबीची शंका प्रथम दूर केलेली बरी. रेषा दिसणे वा न दिसणे हे मुख्यतः त्वचेखालच्या चरबीच्या थरावर अवलंबून असते हे खरे. पण तो थर एका संध्याकाळीत जाड होत नाही आणि पातळही होत नाही. काही तासांत जे बदलते, ते पाणी असते. स्नायूच्या वजनाचा सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असल्यामुळे, ते कोणत्या कप्प्यात किती आहे यावर स्नायूचे रूप बरेचसे ठरते.

व्यायाम चालू असतानाचा फुगवटा, ज्याला जिममध्ये सगळे 'पंप' म्हणतात, तो याच पाण्याचा पहिला अध्याय आहे. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा शरीरातल्या सर्व स्नायूंना मिळून जातो. काम करणाऱ्या स्नायूकडे मात्र हा प्रवाह अनेक पटींनी वाढतो, कारण तिथल्या धमन्या सैलावतात. त्याच वेळी आकुंचन पावणारा स्नायू आपल्यातल्या शिरा दाबतो, त्यामुळे रक्त आत सहज येते आणि बाहेर जाताना अडते. शिवाय लॅक्टेट, फॉस्फेट यांसारखे पदार्थ पेशींत साचून रक्तातले पाणी आत ओढून घेतात. स्नायू ताठ होतो, त्वचा ताणली जाते, वरच्या शिरा उठून दिसतात. तरुणाला आरशात जो हात आवडतो, तो हाच.

वजन खाली ठेवल्यावर हे सगळे उतरू लागते. रक्ताचा प्रवाह पूर्ववत होतो, स्नायू सैल पडतो आणि थकलेल्या हाताला तो आवळून धरणेही जड जाते. पेशींच्या मधल्या जागेत झिरपलेला द्रव मात्र रक्ताइतक्या लवकर परतत नाही. तो लसिकावाहिन्यांतून, म्हणजे असा द्रव रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, सावकाश निघतो. दोन स्नायूंमधली खाच त्याने भरली, की तिथली सावली नाहीशी होते, आणि स्नायूची रेषा म्हणजे शेवटी खाचेत पडलेली सावलीच असते. म्हणून दिव्याचाही यात वाटा आहे. व्यायामशाळेतला दिवा डोक्यावरून उजेड टाकतो आणि प्रत्येक उंचवट्याखाली सावली पाडतो. घरी आरशाच्या वरची ट्यूबलाइट समोरून लख्ख उजेड देऊन तीच सावली पुसून टाकते.

आपल्याकडच्या हवेचीही यात भर पडते. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, ऊन चटकते आणि समुद्रावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, म्हणून त्वचेकडे अधिक रक्त पाठवणे भाग पडते. उष्म्यात हातापायांना हलकी सूज येते, तीही यातूनच. पंख्याखाली अर्धा तास बसूनही अंगठी घट्टच लागते, हा अनुभव या महिन्यात किनाऱ्यावर नवा नाही.

बुधवार, सकाळी.

सोमवारच्या व्यायामाचे अंग आज खऱ्या अर्थाने आंबले आहे. हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही, आणि दंडाचा घेर टेपने मोजला तर वाढलेला दिसतो. नवखा माणूस याला वाढ समजतो किंवा चरबी तरी समजतो. ही मुख्यतः सूज आहे.

वजन वर नेताना स्नायू आखडतो आणि ते हळूहळू खाली आणताना तो ताणला जात असतानाच जोर लावतो. या दुसऱ्या अवस्थेत, विशेषतः सवय नसेल तर, तंतूंना सूक्ष्म इजा होते. १९०२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी अशा उशिरा येणाऱ्या ठणक्याचा संबंध स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्याशी जोडला होता. तरीही लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे अंग दुखते, ही समजूत आजही जिममध्ये ठामपणे सांगितली जाते. ते आम्ल व्यायामानंतर साधारण तासाभरात निघून जाते. दुखणे मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. इजा झालेल्या जागी संरक्षक पेशी जमतात, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि दुरुस्ती सुरू होते. दुखणे ओसरल्यावरही सूज काही दिवस रेंगाळते, त्यामुळे हात दुखत नाही पण रेषाही दिसत नाहीत, असा एक चमत्कारिक टप्पा मध्ये येतो. बिरड्यासाठी रात्री भिजत घातलेल्या वालावरच्या सुरकुत्या सकाळी जशा नाहीशा होतात, तसे काहीसे त्या दंडाचे झालेले असते.

पाणी पेशीच्या आत आहे की बाहेर, हा भेद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. व्यायामात या साठ्याचा काही भाग खर्च होतो, स्नायू थोडा रिकामा आणि सपाट दिसतो. नंतर भात-आमटी पोटात गेली, की तो हळूहळू पुन्हा भरतो. हे आतले पाणी स्नायूला टणक आणि भरीव करते. क्रिएटिन हे व्यायामपटूंचे पूरक घेणाऱ्यांचे वजन सुरुवातीला वाढते, तेही मुख्यतः स्नायूत धरून ठेवलेल्या पाण्यामुळेच. बाहेरचे, पेशींच्या मधले आणि त्वचेखालचे पाणी मात्र रेषा झाकते. वजनकाट्याला यातले काहीच कळत नाही. तो एकच आकडा दाखवून मोकळा होतो.

मिठाबद्दल लिहिल्याशिवाय कोकणातल्या माणसाची ही नोंद पूर्ण होणार नाही. कठोर व्यायामानंतर मूत्रपिंडे काही काळ मीठ आणि पाणी राखून ठेवतात, कारण शरीराला घामाची तूट भरून काढायची असते. अशा वेळी रात्रीच्या जेवणात खारवलेला बांगडा, सुकट, पापड आणि लोणचे एकत्र आले, तर दुसऱ्या सकाळी चेहरा आणि हात फुगीर दिसणे साहजिक आहे. निरोगी माणसाचे शरीर हा हिशेब एक-दोन दिवसांत जुळवून घेते. रेषा दिसाव्यात म्हणून पाणीच तोडण्याचा सल्ला मात्र मला निव्वळ बेजबाबदार वाटतो. या हवेत घाम गाळणाऱ्याने पाणी पिणे टाळले, तर रेषेआधी चक्कर येईल. मीठ घातलेले कोकम सरबत व्यायामानंतर मी निःशंकपणे घेतो.

रविवार.

सकाळी मिरकरवाड्यावर मासे घ्यायला गेलो असताना जाळी ओढणाऱ्या खलाशांचे हात पाहत उभा राहिलो. विश्रांतीतही त्यांच्या दंडावरची प्रत्येक दोरी मोजून घ्यावी. चरबी कमी, हे एक कारण. पण तोच ताण रोज पडत असल्यामुळे स्नायू त्याला सरावलेले असतात, हे दुसरे. एकदा इजा सोसलेला स्नायू तोच व्यायाम पुन्हा केल्यावर बराच कमी सुजतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीनंतर काय होते, असे मी ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारले. "पहिले काही दिवस हात भरतात, वाटी धरवत नाही, मग आपोआप बसतात," असे तो हसून म्हणाला.

'जिल्हा श्री'सारख्या शरीरसौष्ठव स्पर्धांत उतरणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते. त्यांच्यापैकी अनेक जण मंचावर जाण्याच्या काही दिवस आधी पायांचा जड व्यायाम थांबवतात, जेणेकरून मांड्यांची सूज उतरावी. मग पडद्यामागे रबरी पट्टे ओढून हलका पंप आणतात आणि गडद रंग व तेल लावून सावल्या ठळक करतात. साध्या माणसाने स्वतःची तुलना करायचीच असेल, तर विश्रांतीच्या दिवसानंतर, सकाळी, त्याच जागी आणि त्याच उजेडात काढलेले छायाचित्र महिन्या-महिन्याने पाहावे. त्या तरुणालाही मी हेच सुचवणार आहे.

त्याला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. रेषा बुजवणारी ही सूज निरुपद्रवी असते. पण हात वा मांडी दगडासारखी फुगली, दुखणे सोसवेनासे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतले प्रथिन मूत्रपिंडांपर्यंत पोहोचलेले असू शकते. अशा वेळी ट्रेनरला विचारत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.