डिमसमचा ब्रंच: एका वेळी तीनच करंड्या

शनिवार-रविवारी उशिराच्या सकाळी एशियन रेस्टॉरंटात डिमसम, म्हणजे बहुतेक बांबूच्या करंडीत वाफवून येणारे छोटे छोटे चिनी पदार्थ, खायला बसलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात. बसल्या बसल्या मागणीच्या कार्डावर बारा-पंधरा खुणा करून मोकळी होतात, आणि पंधरा मिनिटांत टेबलावर पाण्याचा पेला ठेवायलाही जागा उरत नाही. पहिल्या तीन करंड्या गरम खाल्ल्या जातात, बाकीच्या गार. मग 'नाव मोठं, चव बेताचीच' असा शेरा मारून लोक घरी जातात.

डिमसम गार झालं की पदार्थच बदलतो. यातल्या बऱ्याच पाऱ्या पोळीसारख्या कणकेच्या नसतात, त्या नुसत्या स्टार्चच्या असतात. वाफेत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून पारी मऊ आणि काचेसारखी दिसते. गार व्हायला लागली की तेच कण पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. पारी पांढुरकी होते, आवळते आणि खालच्या कागदाला चिकटते. करंडी टेबलावर आल्यापासून साधारण पाच-सात मिनिटं तुमच्या हातात असतात. ब्रंचचं सगळं नियोजन याच हिशेबाने करायचं.

म्हणून एका वेळी तीन करंड्या मागवा. त्या संपत आल्या की पुढच्या तीन. कार्डावर खुणा करायची पद्धत असेल तर दुसरं कार्ड मागून घ्या, सगळीकडे देतात. स्वयंपाकघर तुमच्या क्रमाने पदार्थ पाठवत नाही, जे आधी तयार होईल ते आधी येतं. एकाच कार्डावर सगळं लिहिलंत तर तळलेलं आधी आणि कोळंबी शेवटी, असं हमखास होतं.

चहा मात्र सगळ्यात आधी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ आणि हाँगकाँगच्या चहाघरांत हे खाणं रुजलं ते चहाच्या सोबतीने; हाँगकाँगचं लुक यू चहाघर 1933 पासून चालू आहे. तिथे बसल्यावर पहिला प्रश्न 'कोणता चहा' हाच असतो, आणि बिलात माणशी चहाचा आकार वेगळा लावलेला असतो. तो दिसला तर फसवणूक समजू नका. तेलकट आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ जास्त घेणार असाल तर पु-अर घ्या. तो गडद, मातकट वासाचा असतो आणि जिभेवरचा तुपकटपणा कापतो. कोळंबीचे हलके पदार्थ असतील तर जाईचा चहा किंवा तिएगुआनयिन हा ऊलाँग चहा. कॅफिन नको असेल तर नुसत्या शेवंतीच्या फुलांचा. किटलीत पत्ती तशीच राहते, त्यामुळे दुसऱ्या कपानंतर चहा कडू होतो. सोबत नुसत्या गरम पाण्याची दुसरी किटली मागून घ्या. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर समजतो. चहा आधी दुसऱ्यांच्या कपात ओतायचा, आणि कुणी आपल्याला ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची. तोंडात घास असताना आभार मानायची ही सोय फार सुरेख आहे.

आता पहिल्या तीन करंड्या: हार गाउ, सिउ माय आणि चेउंग फन. स्वयंपाकघर कितपत हुशार आहे ते या तिघांत कळतं.

हार गाउ म्हणजे कोळंबीचं सारण आणि अर्धपारदर्शक पारी. पारीला गव्हाचं सत्त्व, म्हणजे ग्लुटेन काढून उरलेला स्टार्च, आणि त्यात थोडा टॅपिओका स्टार्च, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाचा. गव्हाचं सत्त्व पारीला पारदर्शकपणा देतं, टॅपिओका चिवटपणा. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, किंचित चरबी किंवा तेल घालून मळतात आणि रुंद पात्याच्या बोथट सुरीने दाबून गोल पारी करतात. पाणी खळखळतं नसेल तर उकड कच्ची राहते आणि चुण्या घालतानाच पारी चिरते. चुण्या एकाच बाजूला असतात. निदान सात तरी हव्यात, कसबी हात त्याहून जास्त घालतो. पण चुण्या मोजण्यापेक्षा चॉपस्टिक्सनी उचलून बघा. पारी फाटू नये, आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसावा, आणि चावल्यावर कोळंबी कट्कन तुटावी.

हा कट्कनपणा आपोआप येत नाही. कोळंबी मीठ आणि स्टार्च चोळून वाहत्या पाण्यात धुतात, कापडावर कोरडी करतात, एकाच दिशेने फेटून फ्रिजमध्ये थंड करतात. बऱ्याच ठिकाणी चिमूटभर सोडाही लावतात. तो नीट धुतला गेला नाही तर कोळंबी रबरासारखी उसळते आणि मागे साबणासारखी चव राहते. पारीच्या आत पाणी साचलं असेल तर कोळंबी कोरडी केलेली नव्हती. पारी लगदा होऊन तळाशी फुटली असेल तर करंडी वाफेवर जास्त वेळ राहिली. कडक वाफेवर पाच-सहा मिनिटं पुरतात. आणि पारी जाड, पांढरट, पिठूळ लागली तर? फ्रीझरमधून काढून घाईत वाफवलेली असण्याची शक्यता बरीच. अशा ठिकाणी सरळ भाजलेलं-तळलेलं मागवा, ते फ्रीझरचं असलं तरी कमी बिघडतं.

सिउ माय वरून उघडं असतं, त्यामुळे लपवायला जागाच नाही. डुकराचं मांस हाताने बारीक चिरलेलं असावं, यंत्रात लगदा केलेलं नव्हे. त्यात कोळंबीचे तुकडे, शिताके मशरूम, वर माशाची अंडी किंवा गाजराचा किस. पिवळी पारी सारणापासून सुटून आली असेल तर मिश्रण पुरेसं फेटलेलं नाही.

चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ चादरीची गुंडाळी. अगदी पाण्यासारखं पातळ मिश्रण कापडावर किंवा सपाट ताटात पसरून दीड-दोन मिनिटं वाफवतात, सारण ठेवून गुंडाळतात आणि गोडसर सोया सॉस वरून ओततात. तिघांत सगळ्यात लवकर बिघडणारा पदार्थ हाच. चादर इतकी पातळ हवी की सारणाचा रंग आतून दिसेल. आतमध्ये कुरकुरीत तळलेलं काही असेल तर ते आधी संपवा, चार मिनिटांत त्याचा चोथा होतो.

सॉसच्या वाट्या समोर असतात म्हणून सगळं बुडवायचं नसतं. हार गाउ तसाच खावा, फार तर मिरचीच्या तेलाचा थेंब. चेउंग फनवर आधीच सॉस असतो. व्हिनेगर आणि आल्याच्या काड्या शिआओलोंगबाओसाठी, म्हणजे आत रस्सा असलेल्या मोदकासारख्या पुरचुंडीसाठी.

शिआओलोंगबाओ शांघायकडचा. हाँगकाँगच्या परंपरेतला नसला तरी आता बऱ्याच डिमसम कार्डांवर असतो. यात रस्सा भरतात कसा, हे कोडं अनेकांना पडतं. डुकराची कातडी तासन्‌तास शिजवून तिचा रस्सा थंड करतात, तो जेलीसारखा घट्ट होतो, आणि ती जेली बारीक चिरून मांसात मिसळतात. वाफेत जेली वितळून पुन्हा रस्सा होते. खाताना वरच्या गाठीला धरून उचला. पोटाला चॉपस्टिक्स लावल्या की फुटलाच. आधी चमच्यात ठेवा, कडेला छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या, रस्सा प्या, मग बाकीचा घास. अख्खा तोंडात टाकणाऱ्याची टाळू भाजते. इथली पारी गव्हाच्या कणकेची असते, ती रस्सा शोषत राहते. पाच मिनिटांनी उचललेल्या शिआओलोंगबाओत रस्सा नसेल तर दोष आचाऱ्याचा नाही.

दुसऱ्या फेरीत जड पदार्थ. 'चार सिउ बाओ', म्हणजे भाजलेल्या गोडसर मांसाचा पाव, वाफवलेला असेल तर वरून तीन ठिकाणी उमललेला असतो. कमी प्रथिनांचा मैदा, यीस्ट, भरपूर साखर, शेवटी बेकिंग पावडर आणि बऱ्याच ठिकाणी अमोनियम बायकार्बोनेट. कडक वाफ एकदम लागली की वरचा भाग फुटून उमलतो; वाफ मंद असली तर पाव नुसता गुळगुळीत फुगतो. तोडल्यावर अमोनियाचा हलका वास आला तर तो पुरता वाफवला गेलेला नाही, परत पाठवा. पिवळे ठिपके दिसले तर बेकिंग पावडर नीट विरघळलेली नव्हती. खायला हरकत नाही, हात कच्चा एवढंच. तळाचा कागद काढायला विसरू नका. याचाच भाजलेला, वर साखरेचा खुसखुशीत थर असलेला प्रकार टिम हो वान या रेस्टॉरंटमुळे जगभर गाजला. 2009 साली हाँगकाँगच्या मोंग कोक भागात सुरू झालेल्या त्या छोट्याशा जागेला थोड्याच काळात मिशलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. तिथे करंड्या घेऊन टेबलांमधून फिरणारी ढकलगाडी नव्हती, मागणी आली की करंडी वाफेवर चढायची.

ढकलगाडीची मजा वेगळी, हे मान्य. झाकण उघडून दाखवतात, बोट दाखवलं की मिळतं, भाषेची अडचण येत नाही. पण गाडी फिरत असताना करंड्या वाफेतच बसलेल्या असतात. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं तर गाडीवरून घ्या. कोपऱ्यात बसला असाल तर पाऱ्यांचे पदार्थ सांगून मागवा आणि गाडीवरून फक्त बरगड्या, कोंबडीचे पाय, कमळाच्या पानातला भात घ्या. जास्त वाफेने या तिघांचं काही बिघडत नाही.

कोंबडीच्या पायांना बिचकू नका. ते आधी तळतात, मग थंड पाण्यात भिजवतात, त्यामुळे कातडी फुगून सुरकुतते. नंतर मसाल्यात शिजवून आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. खायचं ते मऊ कातडं आणि कूर्चा, हाडं बाजूला काढायची. जमलेल्या पायाचं कातडं ओठांनीच सुटतं. दातांनी ओढावं लागलं तर शिजायला कमी पडलं.

किती मागवायचं? दोघांना सहा करंड्या पुरतात. चौघांना नऊ-दहा आणि एखादी नूडल्सची बशी. करंडीत नग तीन आहेत की चार, हे आधी विचारा. चौघांत तीन नग आले की कुणीच शेवटचा उचलत नाही आणि तो गार होतो. एग टार्ट, म्हणजे खुसखुशीत कवचातलं अंड्याचं कस्टर्ड, खायचे असतील तर पहिल्याच फेरीत सांगून ठेवा आणि शेवटी आणायला सांगा. ते घाण्याने भाजतात आणि दुपारी एकच्या आत संपतात. लाउ सा बाओ, म्हणजे खारवलेल्या अंड्याच्या बलकाचा वितळता पाव, आला की दोन मिनिटं थांबा. आतलं सारण बाहेरच्या पावापेक्षा कितीतरी जास्त गरम असतं.

शाकाहारी माणसाने 'यात मांस आहे का' एवढंच विचारून भागत नाही. मुळ्याच्या वडीत, म्हणजे लो बाक गोमध्ये, नाव मुळ्याचं असलं तरी सुकी कोळंबी आणि डुकराचं सॉसेज असतं. तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या, तळलेल्या जाळीदार गोळ्यात आणि एग टार्टच्या कवचात डुकराची चरबी असू शकते. नुसत्या पालेभाजीवरही ऑयस्टर सॉस ओततात. 'बौद्ध शाकाहारी' असं सांगितलं तर चिनी स्वयंपाकघराला नेमकं कळतं. त्यात कांदा-लसूणही नसतो. तरी करंड्या त्याच वाफेच्या थरात रचलेल्या असतात, म्हणजे वरच्या कोळंबीचं पाणी खाली ठिबकू शकतं. कोळंबीची ॲलर्जी असेल तर तळलेले आणि वाफवलेले दोन्ही पदार्थ टाळलेलेच बरे, कारण तेलही तेच असतं. ग्लुटेन चालत नसणाऱ्यांनी हार गाउची पारी काचेसारखी दिसते म्हणून तांदळाची समजू नये. ते गव्हाचंच सत्त्व आहे, आणि त्यात ग्लुटेनचा अंश राहू शकतो.

वेळ साधायची तर उघडल्यापासून पहिल्या तासाभरात पोचा. साडेअकरा ते एक ही गर्दी टाळा. त्या काळात वाफेची भांडी सतत उघडत राहतात, वाफ पडते आणि पाव नीट उमलत नाहीत. दोननंतर उरलंसुरलं मिळतं. 'हवं तेवढं खा' असा ब्रंच असेल तर मांडून ठेवलेल्या डिमसमकडे बघूही नका. तिथे रांगेत उभं राहण्यासारखी गोष्ट एकच: समोर करून देणारा काउंटर.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. दुसऱ्या दिशी मायक्रोवेव्ह नको, पारीच्या कडा चामड्यासारख्या होतात. कडक वाफेवर हार गाउला तीन-चार मिनिटं, सिउ मायला पाच, पावाला सात-आठ. खाली बटर पेपर किंवा कोबीचं पान. मुळ्याची वडी तव्यावर थोड्या तेलात, दोन्ही बाजू तांबूस होईपर्यंत. ती दुसऱ्या दिशी जास्त चांगली लागते. चेउंग फन मात्र बांधून नेऊच नका.