जुन्या मॅगझिनांची पारख

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून रायफल नेमबाजी म्हटले की आपल्याकडच्या अनेकांच्या डोळ्यांसमोर तीच रायफल येते. तिच्यात दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचे असल्यामुळे मॅगझिनचा, म्हणजे रायफलीला खालून लावायच्या काडतुसांच्या पेटीचा, प्रश्नच उद्भवत नाही. मी इथे ओहायोत ज्या 'सर्व्हिस रायफल' प्रकारात भाग घेतो, त्यात मात्र लष्करी धाटणीची एआर-१५ रायफल वापरतात. २०० यार्डांवर बसून ६० सेकंदांत दहा गोळ्या आणि ३०० यार्डांवर पालथे पडून ७० सेकंदांत दहा गोळ्या झाडायच्या, आणि त्याच वेळात मॅगझिनही बदलायचे. लेक एरीच्या काठी कॅम्प पेरी येथे या प्रकाराचे राष्ट्रीय सामने भरतात. अशा वेळी एक काडतूस अडकले, तर वर्षभराच्या सरावाचे चीज होत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे वापरलेल्या मॅगझिनांची पारख मला फार महत्त्वाची वाटते.

(भारतातून नेहमी विचारले जाते म्हणून सांगतो: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, ग्रीन कार्डधारकाला येते. मॅगझिनच्या क्षमतेचे नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ गोळ्यांची मर्यादा घातली, ओहायोत तशी मर्यादा नाही.)

मॅगझिनची रचना साधी असते: बाहेरची पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर आणि तळाला सरकवून बसवलेली पट्टी. पण रायफल चालेल की अडेल, हे बहुतांशी पेटीच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा ठरवतात. त्यांना फीड लिप्स म्हणतात. वरचे काडतूस नेमक्या उंचीवर आणि नेमक्या कोनात धरून ठेवायचे आणि बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा रायफलीतला सरकता भाग) पुढे आला की सोडायचे, हे त्यांचे काम. अॅल्युमिनियमच्या मॅगझिनमध्ये या कडा वापराने, आणि त्याहून अधिक पडल्या-आपटल्याने, हळूहळू फाकतात. मग काडतूस वेळेआधीच सुटते, कधी दोन काडतुसे एकदम चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीकडे) धावतात आणि रायफल अडते. नजरेला हा फरक सहसा कळत नाही, म्हणून मी व्हर्निअर कॅलिपरने दोन कडांमधले अंतर पुढे आणि मागे असे दोन ठिकाणी मोजतो आणि त्याच बनावटीच्या कोऱ्या मॅगझिनशी ताडून पाहतो.

प्लॅस्टिकच्या मॅगझिनांचे दुखणे वेगळे. त्यांच्या कडा फाकण्याऐवजी तडकतात, आणि तडा बहुधा कडा जिथे पाठीच्या भिंतीला मिळतात त्या कोपऱ्यात पडतो. काजळी पुसून, विजेरीचा प्रकाश तिरका धरून, अंगठ्याने कड किंचित बाहेर दाबली की केसाएवढी रेघ उघडते. अशी रेघ दिसल्यावर ते मॅगझिन सरावालाही ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्प्रिंगबद्दल मात्र लोक उगाच धास्तावतात. मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग मरते, हा समज इथल्या रेंजवरही पक्का आहे. वास्तविक चांगली स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी थकत नाही. तिला थकवते ते पुन्हा पुन्हा दबणे आणि सुटणे. तिचा जोर ओसरल्याची खूण शेवटच्या गोळीनंतर दिसते. रिकाम्या मॅगझिनच्या फॉलोअरने बोल्ट मागे अडकवून ठेवायला हवा. तो पुन्हा पुन्हा पुढे मिटू लागला, तर आधी पेटी साफ करावी, मग स्प्रिंग बदलावी, आणि तरीही फरक पडला नाही तर फॉलोअरची झिजलेली कड तपासावी. एआर-१५ ची रचनाच अशी आहे की जळालेल्या दारूचा वायू आत येतो आणि काजळी मॅगझिनमध्येही उतरते. त्यामुळे निम्म्या तक्रारी नुसत्या सफाईने मिटतात.

फॉलोअरच्या बाबतीत जुने ते सोने मानू नये. अमेरिकी लष्कराने २००९ मध्ये हिरव्या फॉलोअरच्या जागी पिवळसर तपकिरी रंगाचा, पेटीत न कलणारा फॉलोअर आणला. पेटी धड असेल, तर एवढा एक भाग बदलूनही जुने मॅगझिन सुधारते.

या सगळ्या तपासणीला अर्थ येतो तो नोंदींमुळे. माझ्या प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगाने क्रमांक घातलेला आहे, आणि रायफल अडली की कोणत्या क्रमांकाचे मॅगझिन होते आणि नेमके काय झाले, हे तिथेच वहीत लिहिले जाते. दोष एकाच क्रमांकाभोवती घुटमळत असेल तर तो मॅगझिनचा. सगळ्यांत विखुरलेला असेल तर रायफलीत किंवा काडतुसांत शोधावा. नवे मॅगझिन साधारण १५ डॉलरला मिळते, त्यामुळे वाकलेल्या कडा पकडीने सरळ करत बसण्यात मला शहाणपण दिसत नाही. बाद ठरलेल्याची स्प्रिंग आणि तळपट्टी काढून घ्यावी आणि पेटी लगेच चेपून टाकावी, नाहीतर ती फिरून पिशवीत येते. सामन्यासाठी २० गोळ्यांची छोटी मॅगझिने वेगळी काढलेली असतात, कारण पालथे पडल्यावर ३० गोळ्यांचे लांब मॅगझिन जमिनीला टेकते. वहीत ज्यांच्या नावावर एकही नोंद नाही, तीच त्यांत जातात, उरलेली सरावाला.