कोअर झोपलेले, पॅकेज जागे

आमच्या विभागातील एका सहकारी बाईंचा लॅपटॉप तपासणीसाठी माझ्याकडे आला तेव्हा सोबतची तक्रार दुहेरी होती: बॅटरी जेमतेम पाच तास टिकते, आणि यंत्र तरीही रखडत चालते. यातली एकच तक्रार असती तर नवल वाटले नसते. पण वेगही गेला आणि वीजही वाचली नाही, याचा अर्थ काटकसर भलत्याच ठिकाणी झाली होती. यंत्रावर लिनक्स होते, प्रोसेसर इंटेलचा होता, आणि ठिकठिकाणच्या सल्ल्यांनुसार त्यावर आधी बरेच हात फिरून गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

सेटिंगला हात लावण्याआधी आकडा हातात असावा, हा माझा हट्ट आहे. चार्जर काढला, पडद्याची प्रखरता निम्म्यावर ठेवली, सगळे प्रोग्राम बंद केले आणि बॅटरीतून होणारा खर्च थेट कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, वाचला. हा आकडा मायक्रोवॅटमध्ये येतो, त्यामुळे नव्वद लाखांच्या आसपासची संख्या दिसली. म्हणजेच काहीही न करता हे यंत्र सुमारे ९ वॅट खात होते. सुमारे ४५ वॅट-तासांच्या बॅटरीला हा हिशेब पाच तासांचाच पडतो. तेव्हा बॅटरी जुनी झाल्याची शंका मागे पडली.

इंटेलने २००७ साली आणलेले पॉवरटॉप हे साधन अशा वेळी मी प्रथम उघडतो. कोण प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, हे पाहण्यासाठी बहुतेक जण ते वापरतात. मला मात्र त्यातला निष्क्रिय अवस्थांचा तक्ता अधिक मोलाचा वाटतो. त्या तक्त्यात प्रत्येक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा प्रत्येक घटक, ९५ टक्क्यांहून अधिक वेळ गाढ अवस्थेत असल्याचे दिसत होते. त्याच्या शेजारच्या, संपूर्ण पॅकेजच्या, म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपच्या, रकान्यात मात्र सी-२ पुढे काहीच नव्हते. सी पुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ. सी-६, सी-८, सी-१० या सर्वांसमोर ठणठणीत शून्य होते. कोअर झोपले तरी त्यांचा सामायिक भाग, म्हणजे मेमरी नियंत्रक आणि बाहेरच्या उपकरणांशी बोलणारी यंत्रणा, तेव्हाच झोपू शकते जेव्हा पीसीआय एक्स्प्रेस या डिस्क, वायफाय वगैरे उपकरणांना जोडणाऱ्या मार्गावरील जोडण्याही विश्रांती घेतात. घरात एक जण जागा असला तर दिवाणखान्याचा दिवा मालवता येत नाही, तसा हा प्रकार.

जागे कोण होते हे शोधताना आधी बूटच्या ओळीत, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, ‘एएसपीएम ऑफ’ हा पर्याय सापडला. एएसपीएम म्हणजे या जोडण्यांना रिकाम्या वेळी झोपवण्याची सोय. लॉगमध्ये दिसणाऱ्या पीसीआय त्रुटींवर उपाय म्हणून तो कोणीतरी कधीतरी लिहून ठेवला असावा. या पर्यायाचे नाव फसवे आहे: तो एएसपीएम बंद करत नाही, तर फर्मवेअरने, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामने, जसे ठेवले असेल त्याला कर्नलने हात लावू नये असे सांगतो, आणि या यंत्राच्या फर्मवेअरने ते बंदच ठेवले होते. पर्याय काढून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर खर्च एखाद्या वॅटने उतरला, पण सी-८ चा रकाना रिकामाच राहिला. मग प्रत्येक जोडणीची स्थिती एकेक करून वाचली. एनव्हीएमई डिस्क आणि वायफाय आता एल-१ या विश्रांतीच्या अवस्थेत जात होते. मेमरी कार्ड वाचणाऱ्या छोट्याशा चिपसमोर मात्र ‘डिसेबल्ड’ हा शब्द तसाच होता. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “त्या खाचेत मी आजवर काही घातलेलेच नाही हो.” बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, जाऊन तो रीडर बंद केला. पुढच्या वेळी तक्ता उघडला तेव्हा पॅकेज बहुतांश वेळ सी-८ मध्ये होते आणि रिकाम्या यंत्राचा खर्च साडेचार वॅटांच्या आसपास स्थिरावला होता.

वेगाचे कोडे त्यामानाने सोपे होते. प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या इंटेल पीस्टेट या चालकात (ड्रायव्हरमध्ये) ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवणारा नियम, लावला तरी गरजेनुसार वारंवारता वर जाते. जुन्या चालकांतील याच नावाचा गव्हर्नर मात्र तिला तळाशी खिळवून ठेवतो. पॉवरसेव्ह असूनही आकडा चढतो, हे पाहून आधीच्या कोणीतरी कमाल कामगिरी ५० टक्क्यांवर बांधून टाकली असावी. बाईंचे सांख्यिकीचे एक जड गणित मी बांधलेल्या आणि मोकळ्या, अशा दोन्ही अवस्थांत चालवून बॅटरीतील फरक नोंदवला. बांधलेल्या अवस्थेत ते जवळपास दुप्पट वेळ चालले, आणि तेवढा सगळा वेळ पडदा, मेमरी, वायफाय यांचा खर्च चालूच राहिल्याने एकूण बचत नगण्य निघाली. अर्थात टर्बोच्या, म्हणजे नेहमीच्या वेगापलीकडच्या धावेच्या, अगदी टोकाला व्होल्टेज वाढून वीज वेगापेक्षा फार जास्त लागते, हेही खरे. म्हणून मर्यादा उठवली आणि बॅटरीवर असताना ऊर्जेचा कल ‘बॅलन्स पॉवर’कडे ठेवला. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन हे विजेची सेटिंग सांभाळणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू राहून एकमेकांची हीच सेटिंग खोडत होते. त्यांपैकी दुसरा काढून टाकला. दोघांचा संसार एका यंत्रात सुखाने होत नाही.

झाकण मिटलेल्या लॅपटॉपचा प्रश्न तक्रारीत नव्हताच, पण तोही याच धाग्यात गुंतलेला निघाला. या यंत्रात जुनी एस-३ झोप उपलब्ध नव्हती, केवळ एस-२-आयडल ही नव्या पद्धतीची झोप होती. तिच्यात फर्मवेअर सूत्रे हाती घेत नाही, प्रोसेसरला स्वतःच अतिखोल अवस्थेत उतरावे लागते. म्हणजे दिवसा बॅटरी खाणारा रीडर रात्री बॅगेतही तेच करत असणार. यंत्र झोपवून अर्ध्या तासाने उठवले आणि खोल झोपेचा अवधी मोजणारा कर्नलचा काउंटर वाचला. तो आता शून्यावर नव्हता. अर्ध्या तासातला बहुतेक सगळा वेळ त्यात जमा झालेला होता.