हिरवी हळद

"झिला, हळद खंय हिरवी असता रे?" नवरीच्या आजीने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

कुणकेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीतलं लग्न, मे महिन्याचा मध्य. हळदीच्या सकाळी वळवाची सर येऊन गेली, म्हणून घरच्यांनी खळ्यातल्या मांडवावर घाईघाईने निळी ताडपत्री ओढली. तासाभरात लख्ख ऊन पडलं, ताडपत्री मात्र तशीच राहिली. त्या उजेडात मी हळदीचे साडेचारशे फोटो काढले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग, उन्हाचा ठेवलेला होता, तो बदलला नाही. डोळ्यांना सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. डोळे असा उजेड आपसूक सावरून घेतात.

फोटोत नवरीच्या गालावरची हळद शेवाळासारखी दिसत होती आणि हातातला हिरवा चुडा काळपट निळा. घरी येऊन जेपीजीवर, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोंवर, रात्रभर झटापट केली. हळद पिवळी करावी तर साडीचा काठ जांभळा व्हायचा, गालावर रंगाचे डाग उमटायचे. नवरी सासरी गेली होती. हळद पुन्हा लागणार नव्हती.

माझा कॅमेरा सेकंडहॅण्ड घेतलेला निकॉन डी-७२००. त्याला कार्डाच्या दोन खाचा आहेत. आधीच्या मालकाने पहिल्या कार्डावर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, आणि दुसऱ्यावर जेपीजी असं लावून ठेवलं होतं. मी वर्षभर दुसरंच कार्ड वापरत होतो. पहिल्यावरच्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फायली दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायच्या नाहीत, शिवाय एकेक २५-३० एमबीची, म्हणून न बघताच ते कार्ड फॉरमॅट करायचो. या लग्नाचं कार्ड तेवढं अजून पुसलं नव्हतं. पहाटे ते आठवलं आणि मी उठून बसलो.

सगळ्यात आधी कार्ड दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवलं. मे महिन्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे इन्व्हर्टर चालू ठेवून, प्रत उतरल्यावर फायलींचा आकडा जुळवून पाहिला. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला. असं केलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मग डार्कटेबल हे रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते फुकट मिळतं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या फायली उघडतं.

पहिला रॉ फोटो उघडला तेव्हा धीरच सुटला. जेपीजीपेक्षाही फिका, मलूल, आणि निळा तो निळाच. पण व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर टेकवला आणि हळद डोळ्यांदेखत पिवळी झाली.

त्यामागचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. पिवळा रंग म्हणजे लाल आणि हिरवा उजेड एकत्र. ताडपत्रीने लाल बराचसा अडवला, म्हणून हळद हिरवी पडली. जेपीजी बनवताना कॅमेरा व्हाइट बॅलन्स चित्रात मुरवून टाकतो आणि प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवतो. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स नुसता नोंदवलेला असतो, लावलेला नसतो. लाल रंग थोडा होता, तरी होता. तो वर ओढला तेव्हा सावलीत दाणे आले, तेवढे मी चालवून घेतले.

खरी मेहनत पुढेच होती. ताडपत्री पडवीच्या अलीकडे संपत होती, त्यामुळे नवरीच्या एका गालावर निळा उजेड आणि दुसऱ्यावर ऊन. एक गाल सुधारला की दुसरा नारिंगी व्हायचा. मग मास्क काढून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग आखून, उन्हाची बाजू वेगळी केली, तिला वेगळा रंग दिला. कानाजवळची कड जुळवायला एकेका फोटोला वीस-वीस मिनिटं लागली. म्हणून आधी निवड केली: साडेचारशेतले साठ ठेवले, बाकीच्यांना हात लावला नाही. उन्हात पार पांढरे पडलेले शर्ट रॉमध्येही परत आले नाहीत. जे सेन्सरवर नोंदलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

एकदा मध्येच घाबरलो. डार्कटेबलला न सांगता फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि फोटो दिसेनासे झाले. मग प्रत्येक फायलीशेजारी एक छोटी एक्सएमपी फाईल दिसली. केलेलं सगळं काम तिच्यात लिहिलेलं असतं, मूळ रॉला धक्का लागत नाही. फोल्डर पुन्हा इम्पोर्ट केला आणि काम जसंच्या तसं परत आलं.

छपाईला पाठवण्याआधी खिडकीचा पडदा ओढला, स्क्रीनचा उजेड कमी केला आणि नमुन्याचे चार प्रिंट मागवले. समोर समुद्राची तिरीप असताना स्क्रीनवरचा रंग खरा कळत नाही. मग जेपीजी काढून कोल्हापूरला अल्बमला दिले.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस धरला होता. मी अल्बम प्लास्टिकात गुंडाळून वाडीत नेला. आजीने हळदीचं पान उघडलं, चष्मा वर केला आणि बोट नवरीच्या मनगटावर ठेवलं.

"चुडो बघ, आता हिरवो दिसता."